फोनला ठाऊक असलेला पत्ता

(दृश्य: लोकमान्य नगर, ठाणे. चाळींमधली अरुंद गल्ली.)

ठाण्यात पत्ता सांगायची एक रीत आहे. लोकमान्य नगरला उतरा, शाळा मागे टाका, पिठाच्या गिरणीपाशी कुणालाही विचारा. पाहुण्याला एवढं पुरतं. पण रात्री अडीच वाजता वडिलांच्या छातीत कळ येते, मुलगा १०८ ला फोन लावतो आणि त्याला ती गिरणीसुद्धा आठवत नाही. रुग्णवाहिकेच्या चालकाला ही गल्ली माहीत असेलच असं नाही. अशा वेळी कामाला येतो तो फोनला ठाऊक असलेला पत्ता, नकाशावरचा एक ठिपका.

मग ठिकाण कळवणारी ही अ‍ॅप्स सगळ्यांच्या फोनमध्ये का नसतात?

माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, यावर अमेरिकेतले अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली एक मांडणी केली. तिच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. याचा मला उपयोग आहे का? आणि हे वापरायला सोपं आहे का? आपत्कालीन अ‍ॅपची गाडी पहिल्याच प्रश्नावर अडते. ज्या दिवशी उपयोग होणार, तो दिवस आपल्यावर येईल असं कुणालाच वाटत नाही. शहापूर-मुरबाडच्या भातशेतीत मात्र आभाळच उत्तर देतं. आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप इशारा देतं. तिथे त्याचा उपयोग वेगळा समजावावा लागत नाही.

(दृश्य: ठाणे स्टेशन. पाऊस, खोळंबलेली गर्दी.)

शहरात काय घडतं, ते फलाटावर दिसतं. लोकल थांबल्या की प्रवासी एम-इंडिकेटर उघडतो, कारण वेळापत्रकासाठी तो ते रोजच उघडतो. उशिरा घरी निघालेली मुलगी रिक्षात बसताच व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवते. घोडबंदर रोडच्या कोंडीत ठिपका हलत नसला, तरी लेक कुठे आहे एवढं आईला कळतं. घाबरलेल्या माणसाची बोटं सवयीच्याच जागी जातात. वर्षभर न उघडलेलं अ‍ॅप त्या क्षणी सापडत नाही, सापडलं तर पासवर्ड मागतं.

म्हणून २०१६ च्या नियमांनी फोनमध्येच पॅनिक बटण बंधनकारक केलं, ही फार मोलाची गोष्ट आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ ची कळ दाबून धरायची, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पाठोपाठ तीनदा दाबायचं, अशी ती तरतूद. काही फोनमध्ये पद्धत थोडी वेगळी असते. पण ती घरात किती जणांना माहीत असते?

सोय असूनही एक शंका उरते. बटण दाबलं, तर खरंच कुणी येईल का? महाराष्ट्राच्या ११२ या आपत्कालीन मदत सेवेचं प्रतिसाद केंद्र इथून जवळच, नवी मुंबईत आहे. ‘११२ इंडिया’ अ‍ॅपमधून आपलं ठिकाण यंत्रणेकडे जातं, आपण निवडलेल्या माणसांनाही खबर मिळते. तरी भरवसा तयार होतो तो वस्तीत. शेजारच्या घरी गाडी वेळेवर पोचली, तर ती गोष्ट नळावर, जिन्यात, सोसायटीच्या ग्रुपवर फिरते. न पोचल्याचीही फिरते. मग कुणी सून सासऱ्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकते, नंबर भरून देते. स्वतःसाठी जे कधी केलं नसतं, ते माणूस घरच्यांसाठी लगेच करतो.

ठिकाण कळवण्यात पाळतीची भीतीही आहे, आणि ती रास्त आहे. संकटात कळावं, एरवी नाही, असं कुणी मुलगी म्हणाली तर तिला हट्टी म्हणू नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या लाइव्ह लोकेशनला पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांची मुदत असते. ते पाठवताना मन कचरत नाही, त्याचं हे एक कारण.

(दृश्य: कासारवडवलीचे टॉवर, खालून वर.)

इथे ठिपक्याचीही परीक्षा होते. जीपीएसला मोकळं आभाळ लागतं. उंच इमारतींवर आदळून संकेत परततात आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर सरकतो. इमारत बरोबर दाखवली, तरी सव्विसावा मजला नकाशावर दिसत नाही. त्यामुळे लोकेशन गेल्यावरही विंग, मजला, फ्लॅट तोंडाने सांगावा लागतो. गेटवरच्या वॉचमनला फोन करावा लागतो, आणि कुणीतरी धावत खाली जाऊन लिफ्ट रोखून धरावी लागते.