दोन राजधान्या, सात गाद्या

[दृश्य: बर्लिनचं मुख्य रेल्वे स्टेशन. संध्याकाळचे सहा. फलाटावर हातात कागद घेऊन उभी असलेली एक बाई.]

ती मी. हातात आहे पाहुण्यांची यादी. डावीकडे पॅरिसहून येणाऱ्यांची नावं, उजवीकडे बर्लिनमधल्या यजमानांची, आणि मधल्या अरुंद रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं: 'चौथा मजला, लिफ्ट नाही.' 'गुडघा.' 'मासे चालतील.' 'मांजर.'

पॅरिस ते बर्लिन दिवसाची थेट गाडी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. साधारण आठ तास. त्याआधी दिवसा यायचं तर वाटेत गाडी बदलावी लागायची. बदलताना आमचा एखादा तरी पाहुणा चुकायचा आणि मग फोनाफोनी. आता सगळे एकाच दारातून उतरतात. माझं निम्मं काम त्या गाडीने केलं.

आमची संस्था छोटी आहे. बर्लिन आणि पॅरिस या दोन राजधान्यांमधल्या साध्या माणसांची ओळख व्हावी, एवढाच तिचा उद्देश. पगारी माणूस एकही नाही. मी मूळची पुण्याची, बर्लिनला आले नोकरीसाठी, आणि या संस्थेची खजिनदार झाले ती एका सभेला उशिरा पोहोचल्यामुळे. दारात पाऊल टाकलं तेव्हा टाळ्या चालू होत्या. कुणासाठी, म्हणून विचारलं, तर माझ्यासाठीच. मंडळांमध्ये हे असंच चालतं, हे मी सदाशिव पेठेत लहानपणापासून बघितलेलं. जर्मनीत वेगळं असेल असं का वाटलं, कोण जाणे.

[दृश्य: तळघर. जाळीच्या दारामागे एकावर एक रचलेल्या स्पंजच्या गाद्या.]

राजधानी म्हटली की गादी आलीच. आमच्याकडे सात आहेत. प्रत्येकीवर मार्करने नंबर घातलाय. पाच नंबरवर कॉफी सांडलेली आहे, ती शेवटी निघते. यजमानाकडे पाहुण्यांची खोली नसेल तर गादी जाते. दौरा संपला की ती परत आणण्याची जबाबदारी माझी. दोन शहरांच्या मैत्रीबद्दल भाषणं पुष्कळ ऐकली. मला विचाराल तर खरा प्रश्न एकच असतो: तीन नंबरची गादी सध्या कुणाकडे आहे?

[दृश्य: पॅरिस. लॅटिन क्वार्टरमधली छोटी बाग. दोन बाळांना दूध पाजणारी लांडगी.]

राजधान्यांची मैत्री हा मोठा मानापमानाचा मामला. पॅरिसने तर जुळी बहीण म्हणून एकाच शहराला मान दिला, रोमला, १९५६ साली. त्या वेळचं वाक्य असं: पॅरिसच्या तोलाचं फक्त रोम, रोमच्या तोलाचं फक्त पॅरिस. लांडगी ही रोमची खूण; रोमने भेट म्हणून पाठवलेला तिचा हा पुतळा १९६२ पासून सोरबॉन विद्यापीठाच्या समोरच्या बागेत उभा आहे. बाकीच्या शहरांशी पॅरिस करतं ते 'मैत्री आणि सहकार्याचे करार'. बर्लिनशी तसा करार झाला १९८७ मध्ये. तेव्हा भिंत अजून उभी होती, म्हणजे करार पश्चिम बर्लिनशी, जे त्या वेळी कुठल्याच देशाची राजधानी नव्हतं. आम्ही 'राजधान्यांची मैत्री' म्हणून मिरवतो, तिची सुरुवात अशी झाली.

फ्रान्स-जर्मनीतल्या शहरांच्या अशा जोड्यांची सुरुवात खरं तर राजधानीत झालीच नाही. १९५० मध्ये फ्रान्समधलं माँबेलियार आणि जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग, या दोन लहान शहरांची पहिली जोडी जमली. माँबेलियारचे महापौर ल्युसियाँ थारादाँ हे दुसऱ्या महायुद्धात प्रतिकार चळवळीत होते, आणि जर्मनांनी त्यांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं होतं. तिथून जिवंत परत आलेला माणूस पाच वर्षांनी जर्मन शहराशी सोयरीक जुळवतो. दोन्ही देशांच्या सरकारांचा मैत्रीचा करार, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांच्या सह्यांचा, त्यानंतर तेरा वर्षांनी झाला, १९६३ मध्ये. आज फ्रान्स आणि जर्मनीत मिळून अशा दोन हजारांहून जास्त जोड्या आहेत. बहुतेक गावं अशी, की ही जोडी नसती तर तिकडे कुणी वाट वाकडी करून गेलं नसतं.

आमची अडचण नेमकी उलटी. पॅरिसच्या माणसाला बर्लिन बघायला आमची गरज काय? तिकीट काढलं की निघाला. संग्रहालयं, भिंतीचे तुकडे, रात्रीचे क्लब, सगळं त्याला आपलं आपण मिळतं. मिळत नाही ते एखाद्याच्या घरचं स्वयंपाकघर. ते आम्ही देतो.

[दृश्य: फाइल. शिक्के. सह्यांच्या रांगा.]

आता कागदपत्रं. जर्मनीत संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं, कारण आपल्याकडच्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यातही आकडा सातच आहे. फ्रान्समध्ये १९०१ चा कायदा, दोघं जमले तरी संस्था. पॅरिसची आमची जोड-संस्था यावरून आम्हाला चिडवते: "तुम्हाला मैत्री करायला सात जण लागतात!" आणि नोटरीही लागतो, हे मी त्यांना सांगत नाही. कार्यकारिणीत एक माणूस बदलला तरी सही नोटरीकडून साक्षांकित करून नोंदणी न्यायालयात पाठवायची. प्रत्येक वेळी फी.

वार्षिक सभेत दोन हिशेब तपासनीस माझी पावती न् पावती बघतात. मग सभासद हात वर करून कार्यकारिणीला 'मोकळं' करतात. म्हणजे गेल्या वर्षाच्या कारभारावरून आता तुमच्यावर दावा नाही. हा ठराव मला फार आवडतो. वर्षातून एकदा कुणीतरी अधिकृतपणे सांगतं, की झालं, सुटलीस.

पैसे? सभासदांची वर्गणी, आणि अर्जावर मिळणारं थोडं अनुदान. १९६३ पासून दोन्ही देशांचं एक संयुक्त युवा कार्यालय आहे, पण त्यांचा निधी तिशीपर्यंतच्यांसाठी. आमच्यात तिशीखालचे दोघं. २०२० पासून नागरिकांसाठीही एक निधी सुरू झालाय, त्यावर आमची बस भाड्याने येते.

[दृश्य: एका घरातलं टेबल. पाव, चीज, मांसाचे थंड काप, मुरवलेली काकडी.]

हे 'आबेंडब्रोट'. शब्दशः संध्याकाळचा पाव. जर्मन घरात हेच रात्रीचं जेवण, सहा-साडेसहाला, थंड. एका वर्षी पॅरिसचं एक जोडपं असं टेबलावर बसलं. त्यांनी सभ्यपणे एकेक काप घेतला आणि जेवणाची वाट बघत राहिले. यजमानांना वाटलं, यांना भूक बेताची. साडेसातला टेबल आवरलं. रात्री दहाला त्या बाईंनी पॅरिसच्या संस्थेच्या सेक्रेटरीला फोन केला, तिने मला केला, आणि मी चपला घालून निघाले. कोपऱ्यावरचा डोनर कबाबवाला उघडा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून पाहुण्यांना जे माहितीपत्रक जातं, त्यात एक ओळ वाढली आहे: संध्याकाळी टेबलावर पाव दिसला, तर तेच जेवण समजावं.

आणि यादीतलं ते 'मांजर'. पाहुण्याने फॉर्ममध्ये नुसतं 'मांजर' लिहिलं होतं. मी समजले, याला मांजरं आवडतात, आणि दोन बोके असलेल्या घरी त्याची सोय केली. त्याला म्हणायचं होतं, मांजर असेल तर मला श्वास लागतो. अर्ध्या तासात गृहस्थ डोळे पुसत जिन्यात येऊन बसले. चूक माझी. म्हणून दोन नंबरची गादी माझ्या घरी, पुस्तकांच्या कपाटाखाली पडली.

[दृश्य: वेडिंग. म्युलरश्ट्रासे. रहदारी.]

दुसऱ्या दिवशी सगळे बसने शहर बघायला गेले. हे मांजरवाले पाहुणे म्हणाले, मला फक्त वेडिंगला न्या. वेडिंग म्हणजे बर्लिनचा उत्तरेकडचा कामगारवस्तीचा भाग. युद्धानंतर तो फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होता. १९७८ मध्ये हे सक्तीच्या लष्करी सेवेत एकोणिसाव्या वर्षी इथे शिपाई म्हणून आले होते. एक वर्ष राहिले, आणि एवढ्या काळात एकाही जर्मन घराचं दार त्यांनी आतून बघितलं नव्हतं. आम्ही रेबेर्गेला मेट्रोतून उतरलो. तिथे रस्त्यालगत फ्रेंच सांस्कृतिक केंद्र आहे, १९६१ चं, आणि त्याच्या समोर एक छोटा आयफेल टॉवर.

ते बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "तेव्हा आम्हाला याची लाज वाटायची." मग दोन पावलं मागे सरकून, "आता बरा दिसतोय."

परत येताना त्यांनी माझ्याकडे वरणभात मागितला. आदल्या रात्री घाईत तोच केला होता.

[दृश्य: सभेची खोली. थर्मासमधली कॉफी. पांढरे केस बरेच.]

१९८७ मध्ये पॅरिस-बर्लिन करार झाला आणि त्याच वर्षी युरोपात इरॅस्मस सुरू झालं, म्हणजे विद्यार्थ्यांनी दुसऱ्या देशात जाऊन शिकण्याची योजना. आमच्या जुन्या सभासदांची तक्रार अशी, की इरॅस्मसने आमची पोरं पळवली. माझं मत वेगळं आहे. पोरांना आमची गरज उरली नाही, हे आमच्याच कामाचं फळ आहे. पण हे सभेत बोलले तर कॉफीचे कप कोण धुणार यावरून आधीच तापलेलं वातावरण आणखी तापेल.

आज निवडणूक आहे. अध्यक्ष झाले, सेक्रेटरी झाले. "खजिनदार?" खोलीत शांतता. बारा जण एकाच वेळी आपापल्या कपात काहीतरी शोधू लागतात. तिशीखालच्या दोघांपैकी एक फोन घेऊन बाहेर जातो. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही.

मी हात वर करते. टाळ्या. माणूस तोच राहिला, बदल नाही, म्हणजे नोटरीची फी वाचली. वहीत तशी नोंद करून घेते, आणि खाली लिहिते: तीन नंबरची गादी अजून आलेली नाही.