वाकळेचं पोट

नमस्कार. समोर टेबलावर पसरलेली ही वाकळ आमच्या सासूबाईंच्या हातची आहे. परवा मी ती मुद्दाम एका अंगानं उसवली. घरात बोलणी खाल्ली त्यासाठी. पण उसवल्याशिवाय इथं येण्यात अर्थ नव्हता. वाकळेचं जे काही कसब आहे ते तिच्या पोटात असतं, आणि आपण बोलतो ते नेहमी तिच्या पाठीबद्दल. रंग किती छान, तुकडे किती सुंदर जुळवलेत, वगैरे.

मी साताऱ्याकडची, म्हणून वाकळ म्हणते. पुण्यात गोधडी म्हणतात, कर्नाटकाची हद्द ओलांडली की कौदी होते, आणि तीच वीतभर लहान करून बाळाच्या अंगाखाली घातली की दुपटं. आज हे शब्द आलटूनपालटून येतील, सांभाळून घ्या. फक्त ‘मायेची ऊब’ मात्र मी म्हणणार नाही. गोधडीवर भाषण म्हटलं की लोकांना आजी आठवते, आजी आठवली की डोळे भरून येतात, आणि मग आजीनं नेमकं केलं काय हे कुणी विचारतच नाही. ऊब हवेची असते. दोन थरांमध्ये जी हवा अडकून राहते तिची. ती अडकवायची कशी, एवढाच प्रश्न त्या बायकांनी सोडवला होता.

सुरुवात हिशेबापासून करू. लुगडं नऊ वारी. एक वार म्हणजे तीन फूट, म्हणजे लुगडं झालं सत्तावीस फूट. त्याची चौघडी घाला. पावणेसात फूट लांब, पन्हा साधारण चार फूट, आणि थर चार. बघा, एका माणसाचं अंथरूण तयार! कात्री लागली नाही, कुठं जोड आला नाही. एक लुगडं विटलं की एक वाकळ उभी राहायची ती अशी. पुढं पाचवारी आली तेव्हा हा हिशेबच मोडला. पंधरा फुटांचे दोनच सरळ पट्टे निघतात. मग तिसरा थर कशाचा, चौथा कशाचा, ही जुळवाजुळव सुरू झाली. माझ्या मते वाकळेत धोतर, पंचे, सदरे, चादरी असा सगळा गोतावळा शिरला तो तेव्हापासून जास्त.

आता हे आत बघा. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, मी सांगते. सगळ्यात खाली अखंड इरकल, हिरवं, त्याचे काठ शाबूत. त्यावर धोतर, दोन पदरी. त्यावर हे लुगडं आहे त्याला मधोमध दांड भरलेला आहे. दांड म्हणजे काय हे तरुण मंडळींना ठाऊक नसेल. नेसून नेसून लुगडं मध्येच विरतं. तो विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन धड टोकं एकमेकांना जोडायची, ती शिवण म्हणजे दांड. म्हणजे हे कापड एकदा फाटलं, सांधलं, पुन्हा काही वर्षं नेसलं, आणि मग इथं आलं. आणि त्याच्याखाली, हे मला परवाच कळलं, एक आख्खी जुनी वाकळ आहे. लहान, बहुधा पाळण्यातली. तिचे टाके तसेच आहेत. तिला उसवून नवी केली नाही, तशीच पोटात घातली. मी मोजले तर मधल्या भागात नऊ थर भरले, कडेला सहा.

कडेला कमी का? तर कडेवर हात फिरतो, पाय घासतात, धुताना पिळली जाते ती कड. तिथं थर जास्त झाले तर सुई जात नाही आणि टाका उथळ बसतो. छाती-पोटाखाली जाडी हवी, कडेला नको. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

आणि वर कुठला कपडा घ्यायचा? लुगड्याचा पदर आणि काठ. पदर जमिनीला लागत नाही, गुडघ्यावर ताणला जात नाही, बसताना अंगाखाली येत नाही. लुगड्यात सगळ्यात धड उरतो तो पदर. काष्ट्याकडचा भाग विरलेला असतो, तो पोटात. म्हणून वाकळेची पाठ रंगीत दिसते. हौस असतेच, पण आधी टिकाऊपणा.

आता मांडणी. ओटीवर किंवा अंगणात सारवलेल्या जमिनीवर खालचा थर पसरायचा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आमच्याकडं पाटा, वरवंटा, दगड, एखादं लहान पोर, जे हाताशी असेल ते. तळहातानं सुरकुत्या कडेकडे ढकलायच्या. एकेक थर असाच. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं एकत्र धरून ठेवायचं. आणि मग पक्का धावदोरा, कडेपासून सुरू. चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं, चौकटीत चौकट, शेवटी मध्यावर गाठ.

इंग्रजी पुस्तकांत बरोबर उलटं सांगतात. तिकडं मधून सुरुवात करून बाहेर जायचं, म्हणजे झोळ कडेला निघून जातो. मी कापडशास्त्र शिकवायचे तेव्हा मुलींना तेच शिकवलं आणि घरी येऊन सासूबाईंना दुरुस्त करायला गेले. त्या म्हणाल्या, ‘‘कड धरल्याबिगर आतलं हलायचं थांबत न्हाई.’’ त्यांच्याकडं लाकडी चौकट नव्हती, कापड ताणून धरायला काही नव्हतं. कड बांधून टाकली की थर पळत नाहीत. आत येता येता जो थोडा झोळ उरतो त्याच्या बारीक बारीक चुण्या पडतात, आणि वाकळेला जो लाटांसारखा पोत येतो तो त्या चुण्यांचाच. पुस्तकानुसार तो दोष आहे. मला विचाराल तर अंगाखाली तोच बरा वाटतो.

टाके किती? एकदा मी मोजायला बसले. ओळीओळींत इंचाचं अंतर धरलं, पावणेसात बाय चार फुटांची वाकळ धरली, तर दोऱ्याची वाट होते तीनशे चोवीस फूट. इंचाला दोन टाके म्हटले तरी पावणेआठ हजारांच्या आसपास जातात. प्रत्येक टाका सहा ते नऊ थरांतून आरपार. ओळी याहून दाट केल्या तर वाकळ पुठ्ठ्यासारखी कडक होते, हवा राहत नाही, थंडी वाजते. विरळ केल्या तर पहिल्या धुण्यातच आतले थर गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतात.

माझ्या हातून हेच झालं होतं, आणि आणखीही. मी पहिली वाकळ केली ती लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. उत्साह भारी. शिंप्याच्या दुकानातून पिशवीभर कातरण आणली. नवं कोरं सुती पॉपलीन, टेरिकॉटचे म्हणजे सूत-पॉलिस्टर मिश्र कापडाचे तुकडे, खणाचे तुकडे, सगळं रंगसंगतीनं मांडलं, शंकरपाळ्याची नक्षी जुळवली. खाली सासूबाईंचं जुनं मऊ लुगडं. सगळ्यांनी वाहवा केली. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला काढतात, तसं ते नदीवर गेलं. परत आलं तेव्हा लाल खणानं आजूबाजूची सात-आठ शंकरपाळी गुलाबी करून टाकली होती. पॉपलीन आटलं होतं, टेरिकॉट आटलं नव्हतं, त्यामुळं टेरिकॉटचे फुगे आले. आणि नव्या कापडानं जुन्या लुगड्याला टाक्यापाशी ओढून ओढून भोकं पाडली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. ती वाकळ गोठ्याकडं गेली.

म्हणून आज ज्यांना उरलेल्या कापडाची गोधडी करायची आहे त्यांना माझं पहिलं सांगणं रंगांबद्दल नाही. आधी कापड ओळखा. साठ-सत्तरच्या दशकापर्यंत घरात साठणारी चिंधी बहुतेक सुतीच असायची, ओळखायचा प्रश्नच नव्हता. मग नायलॉन आलं, टेरिलिन आलं, म्हणजे पॉलिस्टरच. आमच्या घरी त्या साड्या बोहारणीला जायच्या, स्टीलचा डबा यायचा. आता बोहारीणही क्वचित दिसते आणि कपाटं भरून पॉलिस्टर साठलंय.

ओळखायची जुनी रीत म्हणजे एक धागा काढून पेटवायचा. सूत कागदासारखं जळतं आणि भुरभुरीत राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. ते मी इथं करून दाखवणार होते, पण मघाशी सभागृहाच्या व्यवस्थापकांनी काडी ओढायला मनाई केली, त्यांचं बरोबरच आहे. तर हे पाण्याचं बघा. हा सुती तुकडा, त्यावर एक थेंब. गेला. लगेच पसरला. आणि ही माझीच जुनी छापील साडी, दुकानदारानं ‘कॉटनच आहे’ म्हणून दिलेली. थेंब बसलाय गोल. हलवला की घरंगळतोय. आता विचार करा, जे कापड पाणी घेत नाही ते तुमचा घामही घेणार नाही. अशी गोधडी रात्री अंगाला चिकटते. पॉलिस्टरची गोधडी करूच नका असं मी म्हणत नाही. करा, पण सगळी त्याचीच करा, बैठकीवर टाका. सुताबरोबर मिसळू नका. आणि नवं सुती कापड असेल तर आधी दोनदा गरम पाण्यात धुवा. लाल, किरमिजी, गडद निळा असेल तर ओला पांढरा रुमाल घासून बघा, रुमालाला रंग लागला तर ते कापड बाजूला.

नक्षीबद्दल विचारतात, पारंपरिक नक्षी कुठली. मला वाटतं नक्षी आधी डोक्यात नसते, ती कातरणीतून येते. साडीच्या काठाच्या लांब पट्ट्या उरल्या की मधे एक चौकट आणि भोवती पट्ट्या. अमेरिकेतल्या बायकांनीही चिंचोळ्या पट्ट्यांची हीच मांडणी केली, तिकडं तिला ‘लॉग केबिन’ म्हणतात, लाकडाच्या ओंडक्यांचं घर. शिंप्याकडून चोळीच्या बगलेची तिरकी कातरण आली की त्रिकोण. सदऱ्याच्या पाठीतून चौकोन निघतात. हातात कातरण कसली आहे ते बघा, मग नक्षी ठरवा. उलटं केलंत तर धड कापड कापून तुकडे करावे लागतील, आणि मग ती उरल्यासुरल्याची गोधडी राहत नाही.

हे सगळ्यात मोकळेपणानं करताना मी बघितलं ते सिद्दी बायकांना. आपल्यापासून लांब नाही, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हळियाळ, मुंडगोड या भागात सिद्दी राहतात. यांचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, तिथून पळून घाटावरच्या जंगलात आलेले. २००३ मध्ये कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बोली कोंकणीच्या जवळची, मराठी-कन्नड मिसळलेली, त्यामुळं आपल्याला निम्मं कळतं. त्यांची गोधडी म्हणजे कवंडी. आधी सगळे तुकडे जोडून वरचा थर तयार करायचा, ही भानगडच नाही. खाली जुनी साडी पसरायची, कोपऱ्यापासून एक तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची, टाका घालायचा, त्याला टेकून दुसरा तुकडा. शिवण आणि जोडकाम एकदमच, कडेकडून आत. त्यामुळं तुकडा वाकडा असला तरी बिघडत नाही, पुढचा तुकडा त्याला सांभाळून घेतो. मध्याला पोचल्यावर नक्षी काय झाली ते करणारीलाच कळतं. आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची छोटी तिकोनी फुलं लावतात. त्या म्हणतात, फूल नसेल तर कवंडी नागडी. ख्रिस्ती घरातल्या कवंडीत क्वचित क्रूस दिसतो, मुसलमान घरात चंद्रकोर. आपल्या वाकळेला कोपऱ्यात काही लावायची रीत आमच्याकडं नव्हती, पण तिकडून आल्यापासून मी लावते. उचलेगिरी म्हणा हवं तर.

एक जुनी गोष्ट सांगायचा मोह होतोय. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, अशी कथा आहे की बुद्धांनी मगधातली बांध घातलेली शेतं आपल्या शिष्याला, आनंदाला, दाखवली आणि भिक्खूंची चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, तशी करता येतील का विचारलं. आनंदानं तुकडे जोडून तसं चीवर बेतलं. त्यामागं एक व्यवहारही होता, तुकडे केलेल्या कापडाचा कुणाला लोभ होत नाही. आपल्याकडं गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे ते अंगावरच्या चिंध्यांच्या कपड्यामुळंच. तुकड्याला बाजारात किंमत नाही ही त्यातली खुबी.

आता मात्र तुकड्यांना किंमत आली आहे, पण ती शिवणारीपर्यंत पोचते असं नाही. सुगी झाल्यावर आमच्या गावात वाकळा शिवून देणाऱ्या बायका यायच्या. कापड आपलं, दोरा आपला, हात त्यांचे. मजुरी पसाभर धान्य, वर जुना कपडा. मागं एका प्रदर्शनात अशाच एका बाईंच्या गोधडीपुढं उभं राहून एका गृहस्थांनी मला विचारलं, ‘‘जुन्या कपड्यांचीच ना? मग एवढे पैसे कसले?’’ मी त्यांना पावणेआठ हजार टाक्यांचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, मशीनवर का नाही शिवत? मशीनचा टाका घट्ट बसतो, थर एकमेकांवर दाबून टाकतो. हवा जाते. हे सांगायला सुरुवात केली तोवर ते पुढच्या टेबलाकडं गेले होते, पितळेच्या समया बघायला.

प्रश्नोत्तरं चहानंतर घेऊ. ही उसवलेली बाजू मी आज अशीच ठेवणार आहे, घरी जाऊन परत शिवायची आहे. ज्यांना थर मोजायचेत, ती आतली लहान वाकळ बघायचीय, त्यांनी पुढं या. हात लावा, दाबून बघा, टाका ओढू नका तेवढा, जुना दोरा आहे. आणि चहाचे कप बाहेरच ठेवून या.