तेराव्यानंतरचं ताट

(दृश्य : गल्लीतून टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका)

अंबाजोगाई तालुक्यातल्या या गावात मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पेटते. लसूण-मिरची ठेचली जाते, बेसन कालवलं जातं, तव्यावर ज्वारीच्या भाकरी पडत राहतात. मातीहून माणसं परतली की झाकलेली टोपली त्या घरी जाते. हा कडू घास. थोरली बाई जवळ बसते, भाकरी मोडते, पिठल्यात बुडवते आणि घास तोंडापर्यंत नेते. "खा बाई, एवढा एक घास." नको म्हणायची सोय नसते.

हे हात किती जणींचे आहेत बघा. भावकीतल्या आहेत, शेजारच्या आळीतल्या आहेत, एरवी बांधावरून अबोला असलेल्याही आहेत. सकाळी एका घरचं पिठलं, रात्री दुसऱ्या घरचं वरण. दहावा होतो, तेरावा होतो, गोडजेवणाची पंगत उठते. तोवर दुःखातलं माणूस एकटं जेवत नाही.

मग पाहुणे एसटीत बसतात.

(दृश्य : स्वयंपाकघर, मांडणीवरचे डबे)

या घरातल्या ताईंचे यजमान गेल्या उन्हाळ्यात गेले. चेहरा दाखवू नका म्हणाल्या, म्हणून आपण त्यांचे हात बघतोय.

पहिल्या दिवाळीला इथं तळण झालं नाही. तशी रीतच आहे. पण रीतीप्रमाणेच माहेरून लाडू आले, नणंदेकडून शेव, जावांकडून चिवडा आणि शंकरपाळे. एवढे डबे, आणि घरात सासूबाई, शाळेतला मुलगा आणि ताई.

"दिवसा घास उतरायचा नाही. रात्री सगळे निजले की डब्यापाशी जाऊन बसायची. भूक नसायची, तरी हात जायचा. मग रडू यायचं, अन् रडता रडता अजून खायची."

(इथे निवेदन नाही. डब्याच्या झाकणाचा आवाज.)

"नवरा गेला अन् हिचं अंग सुटलं," असं ओट्यावर बसून बोलणाऱ्यांनी पुढचं नीट ऐकावं.

दुःखाचा पहिला धक्का बहुधा भूक मारतो. तोच ताण महिनोन्‌महिने राहिला की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढलेलं राहू शकतं आणि शरीर गोड, तेलकट मागायला लागतं. ते खाल्लं की थोडा वेळ जिवाला खरोखर बरं वाटतं, म्हणून हात पुन्हा जातो. झोप मोडली की भूक आणखी वाढते. त्यात ताईंनी सोमवार, गुरुवार आणि एकादशी धरलेली. दिवसभर रिकामं पोट, अर्ध्या रात्री उघडा डबा. यात हावरटपणा कुठे आहे?

वजन वाढलं, तपासणीत साखर निघाली. आता गोळ्या चालू आहेत.

(दृश्य : ओसरीवर आशाताई)

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी एक साधी पारख सांगितली. डब्याकडे हात गेला की मनाला विचारायचं, आत्ता कुणी भाकरी-भाजी वाढली तर खाशील का? हो असेल, तर ती पोटाची भूक. सरळ जेवून घ्यायचं, वेळ काही का असेना. लाडूच पाहिजे, शेवच पाहिजे असं वाटत असेल, तर आत काहीतरी दाटून आलंय. मग जरा थांबायचं. अंगणात फेऱ्या माराव्यात, बहिणीला फोन करावा, रडू आलं तर रडून घ्यावं. तरीही खावंसं वाटलंच, तर वाटीत काढून, बसून, चवीनं खावं. खाल्ल्यावर स्वतःला दूषणं देऊ नयेत, कारण लाज वाटली की लपून खाणं वाढतं. सकाळ-दुपारचं जेवण चुकवायचं नाही. गोळ्या चालू असताना उपास करायचा का, हे डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

(दृश्य : संध्याकाळ, दोन ताटं)

शेजारच्या काकू हल्ली आपलं ताट घेऊन इथेच येतात. भाकरी आपापली, ठेचा दोघींचा. गेलेल्या माणसाबद्दल मोकळेपणी बोलतात. त्यांना ठेच्यात शेंगदाणे जास्त लागायचे, हे काकूंनाही ठाऊक आहे. रात्री डबा उघडणं पूर्ण थांबलेलं नाही, कमी झालंय.

कडू घास तेराव्याला का थांबवायचा? वर्षश्राद्धापर्यंत आठवड्यातून एकदा तरी कुणी ताट घेऊन त्या घरी बसलं, तर कुणाचं काय अडणार आहे? बायको गेलेल्या माणसाकडेही जावं. तो स्वतःहून बोलवत नाही.

सहा महिने उलटूनही दुःख तसंच तीव्र असेल, रोजची कामं होत नसतील, तर डॉक्टरांकडे जायला हवं. जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याच दिवशी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा नंबर 14416. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री कधीही लावता येतो.