तीन अनारकली

हा चेहरा नीट पाहा. नाव सुलोचना. मराठी पडद्यावरची आई म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या सुलोचनादीदी नव्हेत. ही त्यांच्या कितीतरी आधीची. मूळ नाव रूबी मायर्स. जन्म १९०७चा, पुण्यातल्या बगदादी ज्यू घरातला.

रूबी टेलिफोन ऑपरेटर होती. म्हणजे नोकरी आवाजाची. चेहरा कुणाला दिसायचा नाही. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमासाठी विचारलं, तेव्हा तिनं आधी नकारच दिला. पडद्यावर काम करणाऱ्या बाईला तेव्हा लोक काय काय बोलत! मग ती तयार झाली, आणि सगळं उलटं झालं. सिनेमा तेव्हा मुका होता. आता चेहरा गावोगावी पोचला, आवाज मात्र कुणाच्याच कानी पडत नव्हता.

१९२६ साली ‘टायपिस्ट गर्ल’ आला. पुढच्याच वर्षी ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त तिनं एकटीनं आठ रूपं घेतली. त्यात माळी होता, पोलीस होता, रस्त्यावरचं उनाड पोर होतं, केळी विकणारी म्हातारीसुद्धा होती. संवादाचा आधार नाही. चाल, मान, हात आणि डोळे, एवढ्यावर आठ माणसं उभी करायची.

१९२८मध्ये इंपीरियल फिल्म कंपनीची ‘अनारकली’. हीच कथा दुसरी कंपनीही करत होती, म्हणून इंपीरियलचे मालक अर्देशीर इराणींनी आपला चित्रपट झपाट्यानं पुरा करून आधी लावला. सुलोचना घराघरात पोचली.

आणि १९३१ला ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट बोलू लागला. चित्रपट इंपीरियलचाच, पण नायिका झुबेदा. सुलोचनाला हिंदुस्तानी धड बोलता येत नव्हतं. मूकपटात ते खपून जायचं. पडद्यावर ओठ हलायचे, शब्द मधल्या पाट्यांवर यायचे. आता प्रत्येक उच्चार माइक टिपणार होता.

तिनं वर्षभर काम थांबवलं आणि भाषा शिकली. एवढी लोकप्रिय नटी, वय जेमतेम चोवीस, आणि पुन्हा विद्यार्थिनी! तिच्या सगळ्या कारकिर्दीत मला सर्वांत मोठं वाटतं ते हे वर्ष. १९३२मध्ये तिच्याच ‘माधुरी’ या मूकपटाचा बोलपट आला आणि सुलोचना परतली. १९३५ला पुन्हा ‘अनारकली’ झाली, या वेळी स्वतःच्या आवाजात.

पुढे नायिकेची कामं सरली, लहान भूमिका आल्या. त्याही तिनं केल्या. १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत ती गेली. तिचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. त्या काळची नायट्रेटची फिल्म पटकन पेट घ्यायची, नाहीतर पडून पडून कुजायची.

पण १९५३ची ‘अनारकली’ आहे. त्यात अनारकली बीना राय, आणि सलीमची आई जोधाबाई म्हणजे आपली सुलोचना. ती पडद्यावर आली की डोळे क्षणभर मिटा आणि नुसतं ऐका. ती बोलतेय ती भाषा तिनं वर्षभर घरी बसून कमावलेली आहे.