आरसीसीबी पडतोय? बटण बंद करू नका, प्लग काढा

नमस्कार मंडळी! पावसाळा लागला की तुमचा प्रश्न ठरलेला: "आरसीसीबी सारखा पडतोय, काय करू?"

आधी पडतंय कोण ते बघा. 'टेस्ट' बटण असलेला तो आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडणारा छोटा स्विच, पडत असेल तर गोष्ट वेगळी. वर करताच खटकन पडला तर शॉर्ट. दहा-वीस मिनिटांनी पडला तर लोड जास्त, नाहीतर स्क्रू ढिला. आणि १६ अँपिअरचा पडतो म्हणून ३२ चा बसवू नका हो! ३२ चा ३६ अँपिअरला तासभर ढिम्म हलत नाही. तोवर भिंतीतली अडीच स्क्वेअर एमएमची वायर भाजून निघते.

आता आरसीसीबी. याला लोडशी घेणंदेणं नाही. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो बघतो. १५ ते ३० मिलीअँपिअरची तूट आली की पडतो. म्हणून सगळे प्लग काढा, आरसीसीबी वर करा, मग एकेक प्लग लावत जा. ज्याने पडला, दोष बहुतेक त्यात (एक अपवाद खाली सांगतो).

प्लग काढा म्हणतोय. बटण बंद करणं वेगळं! "सगळी बटणं बंद केली तरी पडतो" असं बरेच जण लिहितात. अहो, बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गिझरची कॉइल न्यूट्रलच्या टोकाला फुटून अर्थला लागली असेल, तर बंद गिझरही आरसीसीबी पाडतो.

त्याचा एमसीबी खाली केला तरी तेच, कारण घरात बहुतेक एमसीबी सिंगल पोल असतात, म्हणजे तेही फक्त फेज तोडतात.

आणि गंमत बघा: गिझर बंद असतो, इस्त्री लावली की पडतो. दोष इस्त्रीवर येतो. खरं तर इस्त्रीचा न्यूट्रलने परतणारा थोडा करंट गिझरमधून अर्थला जातो. चांगली इस्त्री भंगारात जाते, गिझर तसाच!

सगळे प्लग काढूनही पडला, तर ओल आलेला बोर्ड किंवा इन्व्हर्टरच्या आणि मेनच्या न्यूट्रलची सरमिसळ. इथे वायरमन बोलवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासायला सांगा. वायर आणि अर्थमध्ये एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ती लाइन खराब. डीबी (हे सगळे स्विच बसवलेली पेटी) स्वतः उघडू नका, मेन पाडला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरीत करंट असतोच. आणि वायरमन म्हणाला "आरसीसीबी काढून डायरेक्ट करतो", तर त्याला हात लावू देऊ नका.