पाऊण अधिक पाऊण

नमस्कार श्रोतेहो. शाळेतलं आगगाड्यांचं गणित आठवतंय? एक गाडी १९० मीटर लांब, वेग ताशी ७२ किलोमीटर. समोरून येणारी १६० मीटर, ताशी ५४. एकमेकींना पार करायला किती वेळ लागेल? पाच छेद अठरानं गुणलं की वेग होतात सेकंदाला २० आणि १५ मीटर. समोरासमोर आहेत, म्हणून बेरीज ३५. अंतर दोन्ही लांबींचं मिळून ३५० मीटर. उत्तर १० सेकंद. एकाच गाडीची लांबी धरली, की मार्क गेले!

आता गाड्यांऐवजी दोन यानं घ्या. दोन्ही प्रकाशाच्या पाऊणपट वेगानं समोरासमोर निघालीत. पाऊण अधिक पाऊण दीड. मग प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जाऊ शकत नाही, ही मर्यादा मोडली की काय?

आधी विचारायचं, मोजतंय कोण? बाहेर स्थिर उभा असलेला माणूस मोजेल, तर दोन यानांमधलं अंतर खरोखर दीडपट प्रकाशवेगानं घटतं. त्यात काहीच बिघडत नाही, कारण त्याच्या लेखी कुठलंही यान पाऊणपटीच्या वर गेलेलं नाही. पण एका यानात बसून दुसऱ्याचा वेग मोजायचा, तर नुसती बेरीज चालत नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं दिलेली रीत लागते. पेन्सिल घ्या हाताशी. पाऊण गुणिले पाऊण, ०.५६२५. त्यात एक मिळवा. आता दीडला १.५६२५ नं भागा. उत्तर ०.९६. प्रकाशाच्या आतच.

मग मघाचं गाड्यांचं गणित चुकलं? चुकलं, पण वेगांच्या बेरजेत, आणि तेही ताशी अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी. म्हणजे एखाद-दोन अणूंची रुंदी. मास्तरांनी पूर्ण मार्क दिले ते योग्यच.

धावत्या दिव्याचा प्रकाश तरी जास्त वेगानं निघत असेल? १९६४ मध्ये जिनिव्हाजवळ सर्न या कणसंशोधन केंद्रात हे तपासलं गेलं. प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगानं धावणाऱ्या पायॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणांतून बाहेर पडलेले गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, मोजले. त्यांचा वेग तोच निघाला, सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर.

एक गंमत राहिली. चंद्रावर लेझर रोखा आणि मनगट सेकंदाला ५० अंश या गतीनं फिरवा. चंद्र जेमतेम अर्धा अंश रुंद, त्यामुळे झटक्यात पार होईल. पण तेवढ्यात तिथला ठिपका प्रकाशापेक्षा वेगानं सरकलेला असेल. चालेल. पुढच्या क्षणी दिसणारा ठिपका वेगळ्या किरणांचा असतो, आणि ते सगळे तुमच्या हातातून सुमारे १.३ सेकंदांपूर्वी निघालेले असतात. चंद्राच्या एका कडेकडून दुसरीकडे काहीच गेलेलं नसतं.