सहावी रँक

बडोदा. स्विस पद्धतीच्या बुद्धिबळ स्पर्धेची पहिली फेरी. रेटिंगच्या क्रमानं लावलेली यादी मधोमध दुभागतात आणि वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्यासमोर बसतो. म्हणून पहिल्याच दिवशी १६०० समोर १९०० येतात.

पांढरी मोहरी दांडिया बाजारातल्या शाळकरी मुलीकडे, काळी एका मुरलेल्या गृहस्थांकडे. फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटना; तिच्या तक्त्यात ३०० रेटिंग गुणांच्या फरकाला मुलीकडून डावात ०.१५ गुणाची अपेक्षा, त्यांच्याकडून ०.८५. रेटिंग किती वेगानं बदलावं ते ठरवणारा गुणक, 'के', तिचा ४०, त्यांचा २०. ती जिंकली तर तिला ३४ मिळतील, त्यांचे १७ जातील. बरोबरीतही त्यांचे ७ जातात. वजिरावजिरीनंतर तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊन डाव बरोबरीत सुटत होता. ते ७ वाचवायला त्यांनी प्यादं सोडलं.

आता चार तास उलटलेत. नव्वद मिनिटं संपली. खेळीमागे मिळणाऱ्या तीस सेकंदांवर डाव चाललाय, आणि त्यातच खेळी लिहायचीही आहे. पांढरा राजा डी-५, प्यादं ई-५, हत्ती ए-७. काळा राजा ई-८, हत्ती बी-६.

ही फिलिडोरची स्थिती, हत्ती-प्याद्याविरुद्ध एकट्या हत्तीचा प्रसिद्ध बचाव. बरोबरी. काळ्यानं हत्ती सहाव्या रँकवरच, म्हणजे पटाच्या सहाव्या आडव्या ओळीतच, इकडून तिकडे हलवायचा. पांढरा राजा पुढे येऊच शकत नाही. प्यादं ई-६ वर सरकलं की पांढऱ्या राजाचा आडोसा जातो. तेव्हाच हत्ती पहिल्या रँकवर नेऊन मागून शह देत सुटायचं.

त्यांनी प्यादं सरकायची वाट पाहिली नाही. हत्ती बी-१, मग ई-१. तेवढ्यात तिचा राजा डी-६ वरून ई-६ वर. ए-८ वर मात दिसते आहे.

अजूनही डाव वाचतो. राजा एफ-८, म्हणजे आखूड बाजूला. प्याद्याच्या त्या अंगाला तीन फाईली, म्हणजे उभ्या ओळी, दुसऱ्या अंगाला चार. बाजूनं शह द्यायला हत्तीला लांबून मारा करावा लागतो, म्हणून लांब बाजू त्याच्यासाठी मोकळी हवी. पण हात डी-८ कडे गेला, आणि राजाच हत्तीच्या वाटेत उभा राहिला.

हत्ती ए-८, शह. राजा सी-७. हत्ती ई-८. पुढे ल्युसेना, म्हणजे हत्ती-प्याद्यानं जिंकायची ठरलेली रीत: तिचा राजा प्याद्यापुढे, हत्ती चौथ्या रँकवर, आणि शह लागू लागताच तोच मधे घालून पूल.

स्कोअरशीटवर सह्या झाल्या. बाहेर दुसऱ्या पटावर तीच स्थिती मांडली गेली.

"काका, एफ-८ केलं असतं तर?"

त्यांनी राजा एफ-८, मग जी-७ वर नेला, हत्ती ए-१ ला ठेवला.

"आता जिंकून दाखव."